आखाजीची साडी घेऊन बारीत

नाशिकहून देवळ्याला जायला आपली गाडी असेल तर दोन-सव्वादोन तास पुरतात. गेल्या चैत्रात मला तेवढ्याच वाटेला पावणेचार तास लागले. रस्ता उत्तम होता आणि गर्दीही फार नव्हती. उशीर माझ्या हाताने झाला, आणि तो कसा झाला हे मी अजून कोणाला धड सांगितलेलं नाही. नातेवाइकांना 'गाडी बंद पडली' एवढंच माहीत आहे. माझ्या बायकोला, मंगलला, सगळं माहीत आहे, कारण ती शेजारी बसली होती; पण ती बोलत नाही. म्हणून मीच लिहून टाकतो.

रविवार : गंगापूर रोड ते देवळाली कॅम्प

मी सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी भांडलो. निवृत्त झाल्यावर भांडायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी घरातल्या वस्तूंच्या मागे लागलो. आधी मिक्सर झाला, मग गच्चीवरचा पंप झाला, मग गाडीची पाळी आली. गाडी बारा वर्षांची, पेट्रोलवरची, छोटी.

गाडीच्या मागे लागण्याला कारण होतं माझी धाकटी बहीण शकू. तिचं सासर देवळ्याच्या पलीकडे पंधरा किलोमीटरवर. आमचं मूळ गावही त्याच तालुक्यात, पण आई-वडील गेल्यापासून तिथल्या घराला कुलूप आहे. त्यामुळे शकूचं माहेर म्हणजे गंगापूर रोडवरचा आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पुण्या-मुंबईकडे जी अक्षय्य तृतीया सोनाराच्या दुकानात साजरी होते, ती आमच्याकडे आखाजी, आणि ती लेकींची. भावाने मुराळी म्हणून सासरी जायचं, बहिणीला घेऊन यायचं, तिने चार दिवस खायचं, झोपायचं, झोका खेळायचा. आमच्या फ्लॅटमध्ये झोका नाही. शकू बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची आणि खालच्या गाड्या मोजायची, तरी खूश असायची.

तर त्याच्या आदल्या वर्षीच्या आखाजीला मी तिला आणायला गेलो, आणि येताना बारीत गाडीने मान टाकली. चांदवड आणि देवळा यांच्या मध्ये हा छोटा घाट आहे, त्याला आमच्याकडे बारी म्हणतात. ऊन मरणाचं, आत एसी लावलेला, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा धापा टाकायला लागली. शेवटी एसी बंद करून काचा उघडल्या. शकू घामाने निथळत म्हणाली, "दादा, उतरून ढकलू का? का तुझ्या गाडीला सरबत पाजतो?" सगळ्या रस्ताभर हसत होती. माझ्यातल्या टूलरूमवाल्याला ते लागलं.

मग वर्षभर मी डोकं खाजवलं. मोबाईलवर पोरं दाखवतात, इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतं, तिच्याऐवजी बाहेरची थंड हवा दिली तर त्याला जोर येतो. गणित बरोबर आहे. थंड हवा दाट असते, तेवढ्याच श्वासात जास्त मिळते. मी कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा काढून माळ्यावर टाकला. शेताच्या पाईपलाईनचा तीन इंची तुकडा घेतला, दोन बेंड घेतले, जोडायला ट्रकच्या रेडिएटरचा रबरी पाईप कापला. शंकूच्या आकाराचा एक लाल फिल्टर आणला. त्याला झाकायला रॉकेलवाले वापरायचे तसलं पत्र्याचं मोठं नरसाळं घेऊन त्याची नळी कापून टाकली, आणि आत फिल्टर बसवून नरसाळ्याचं रुंद तोंड पुढच्या बंपरमागे, जाळीच्या मोठ्या फटीसमोर ठेवलं. म्हणजे गाडी जितकी पळेल तितकी थंड हवा आपोआप आत. सगळ्या क्लिपा मोजून आवळल्या. जराही गळती नव्हती. काम सुबक झालं होतं, हे मी आजही म्हणतो.

ते दाखवायला म्हणून मंगलला घेऊन देवळाली कॅम्पला गेलो. तिथे बाजाराच्या टोकाला एक जुने मिस्त्री आहेत, लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले. सगळे त्यांना हवालदारच म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून नरसाळ्यात बोट फिरवलं आणि उठले.

"साहेब, फिटिंग एक नंबर. पण तोंड समोर का ठेवलं?"

"हवा समोरून येते म्हणून."

"रस्त्यावर हवा एकटी नसते, साहेब. आम्ही वाळवंटात गाड्या चालवल्यात. तोंड खाली वळवा. नाहीतर तो कंपनीचा डबा तरी डिकीत ठेवून द्या."

मी हो म्हटलं. डबा माळ्यावरच राहिला. कॅम्पहून परत येताना गाडी अशी पळाली की मंगलने दोनदा स्पीड विचारला. घरी आल्यावर शकूला फोन केला आणि सांगितलं की तुझ्यासाठी गाडीला नवीन नाक बसवलंय.

"आता एसी लावून बारी चढायची हां दादा," ती म्हणाली. "नाय चढली तर फुडच्या वर्षी मी आपली यष्टीनं येईन." आखाजीला दहा दिवस होते. मंगलने तिच्यासाठी हिरवी, लाल काठांची साडी आणून कपाटात ठेवली होती, तेही तिने फोनवरच सांगून टाकलं. बायकांना गुपित ठेवता येत नाही असं मी म्हणालो, आणि दोघी मिळून मला हसल्या.

बुधवार, सकाळ : नाशिक ते चांदवड

साडेसहाला फोन आला. शकूच्या थोरल्या दिरांचा, आबांचा. पहाटे चारला उठून ती पाणी प्यायला गेली आणि माठाजवळच बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आबांचा आवाज अगदी सरळ होता. "लय ऊन हाय भाऊ. अकरापतुर काढू. तुमची वाट बघतो. लुगडं तेवढं आणा."

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्न झालेली बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. सासर कितीही तालेवार असो, घरात साड्यांची कपाटं भरलेली असोत, माहेरचं माणूस साडी घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. शकूच्या माहेरी मी एकटा होतो. ती साडी मी पोचवली तर पोचणार होती.

मंगलने कपाटातून आखाजीची साडी काढली. सवाष्ण गेली म्हणजे हिरवीच लागते, आणि ती हिरवीच होती. मंगल कपाटाचं दार धरून उभी राहिली आणि रडली. मला रडू येत नव्हतं. मी गाडीत पाणी तपासलं, हवा तपासली. सव्वाआठला निघालो.

ओझर, पिंपळगाव झपाट्याने मागे पडलं. द्राक्षाच्या बागा खरड छाटणीनंतरच्या उघड्या होत्या, नुसत्या तारा आणि काड्या. मंगल साडीची पिशवी मांडीवर धरून बसली होती. गाडी मात्र सुरेख चालली होती, आणि मला लाज वाटते सांगायला, पण त्याही वेळी मनाच्या एका कोपऱ्यात मी इंजिनचा आवाज ऐकून खूश होत होतो. साडेनवाला चांदवड आलं. आबांचा फोन आला तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "साडेदहाच्या आत पोचतो."

बारीत

चांदवडहून देवळ्याच्या रस्त्याला लागलो आणि कांद्याचे ट्रॅक्टर लागले. उन्हाळी कांद्याचे दिवस होते. बाजार समितीकडे निघालेली एकामागे एक ट्रॉली, काठोकाठ भरलेली, वर जाळी नाही की ताडपत्री नाही. वारा सुटला होता. कांद्याचे लाल-पिवळे पापुद्रे रस्त्यावर उडत होते, काचेवर चिकटत होते, वायपरमध्ये अडकत होते. मी कांद्यात जन्मलेला माणूस. लहानपणी आमच्या कांद्याच्या चाळीत कांदा निवडताना हे पापुद्रे केसांत, बंडीत, ताटातसुद्धा असायचे. मी वायपर फिरवला आणि पुढे गेलो. अर्धा तास त्या ट्रॅक्टरांच्या मागे, एकेकाला ओलांडत.

बारीचा चढ सुरू झाला तशी गाडी रडायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर उलटी मंद होई. पेट्रोलचा उग्र वास आला, दोन धक्के बसले आणि वळणावर बंद पडली.

मी खाली उतरलो. पाच मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली तर चालू झाली. दोनशे पावलं गेली आणि पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. माझं निदान तयार होतं. उन्हाने नळीतलं पेट्रोल तापून वाफ होतेय, थंड झालं की चालू होतं. मी पिण्याचं पाणी फडक्यावर ओतून पेट्रोलच्या नळीवर गुंडाळलं आणि वाट बघत बसलो. मग प्लग काढून पुसले. बॅटरीची टोकं घासली.

मंगल रस्त्याच्या कडेला साडीची पिशवी छातीशी धरून उभी होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही ते नवीन बसवलंय, त्याचं तर काही नसेल?"

"त्याचा काय संबंध?"

"नाही, आधी असं कधी बंद पडत नव्हती. म्हणून म्हटलं."

"मंगल, तुला त्यातलं काही कळतं का?" मी ओरडलो. तिथे, त्या दिवशी, मी तिच्यावर ओरडलो.

आबांचा फोन आला. मी म्हटलं, "बारीत आहे. दहा मिनिटांत पोचतो." बारीपासून शकूचं गाव चांगलं अर्ध्या तासावर आहे. हे आबांनाही माहीत असणार. पण त्यांनी 'बरं' म्हटलं, आणि माझ्या शब्दावर माणसं थांबली.

पावणेअकराच्या सुमाराला देवळ्याकडे जाणारी यष्टी चढ चढत आली. मंगल पुढे झाली. "हात करते. आपण हिच्यात बसू. गाडी राहू दे इथेच." मी म्हटलं, पाच मिनिटं थांब, बिघाड सापडलाय, आता थंड झालीच आहे. ड्रायव्हरने आमच्याकडे बघून वेग कमी केला होता. मी त्याला हातानेच 'जा' म्हणून खूण केली. मंगल गाडीत जाऊन बसली आणि त्यानंतर तिने मला काही सुचवलं नाही.

चालू झाली, दोनशे पावलं गेली, बंद पडली. फोन पुन्हा वाजला. मी तो घेतलाच नाही.

शेवटी रिकामी ट्रॉली घेऊन परतणारा एक शेतकरी थांबला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, डोक्याला पंचा. "काय व्हयनं भाऊ?" त्याने अहिराणीत विचारलं, काय झालं म्हणून. मी त्याला पेट्रोलच्या वाफेचं शास्त्र सांगू लागलो. त्याने ऐकलं, मग गाडीच्या पुढे जाऊन तो उकिडवा बसला आणि बंपरच्या फटीतून आत बघू लागला.

"हाई काय शे? नरसाळं?"

त्याने हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठभर पापुद्रे बाहेर काढले. मग दुसरी मूठ, मग तिसरी. फिल्टरच्या भोवती ते थरावर थर असे घट्ट बसले होते की त्याला नखांनी सोलावे लागले. माझ्या नरसाळ्याने अर्धा तास सगळ्या रस्त्यावरचे पापुद्रे गोळा करून इंजिनच्या नाकातोंडात कोंबले होते. इंजिन थांबलं की ओढ थांबायची, थर जरा सैल व्हायचा, दोनशे पावलांपुरता श्वास मिळायचा. डब्यात असतं तर काही झालं नसतं. कंपनीच्या डब्याचं तोंड वर, आडोशाला असतं. ते तसं का असतं, हे हवालदारांनी मला रविवारी सांगितलं होतं.

"कांदाना पाला भरेल शे, भाऊ," तो म्हणाला. हसत नव्हता. मंगलच्या हातातली पिशवी आणि तिचा चेहरा त्याने बघितला असावा. मीच हात घालून नरसाळं उपटून काढलं. पत्र्याने तळहात कापला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि बारी एका दमात चढली. एसी लावला असता तरी चढली असती. त्या वेळी साडेअकरा वाजले होते.

शकूच्या गावी

बारा वाजता पोचलो. गावाबाहेर नाल्याच्या काठाला धूर दिसला, आणि मंगलने 'अगं बाई' म्हणून तोंडावर पदर घेतला.

मी तशीच गाडी धुराकडे वळवली. पुरुषमाणसं लिंबाखाली उभी होती. चितेने चांगला पेट घेतला होता. आबा पुढे आले. माझ्या हाताचं रक्त बघून म्हणाले, "लागलं का?" मग म्हणाले, "लय थांबलो भाऊ. साडेअकरापतुर थांबलो. ऊन..." मला वाटत होतं त्यांनी शिव्या द्याव्यात. कोणीच दिल्या नाहीत. मी तिथे उभा राहून पहिल्यांदा रडलो, आणि ते रडणं शकूसाठी किती आणि माझ्या लाजेसाठी किती, हे मला तेव्हाही कळलं नाही.

घरी आलो तेव्हा ओसरीत बायका बसल्या होत्या. शकूला जिथे ठेवलं होतं तिथे पीठ पसरून वर दिवा आणि दिव्यावर टोपलं होतं. मंगलच्या हातातली पिशवी सगळ्यांनी बघितली आणि माना खाली घातल्या. मग मला कळलं की शकूच्या अंगावर साडी पडली होती. ती दिली होती हिराअक्काने.

हिराअक्का आमच्याच गावची लेक. आमच्या घरापासून चार घरं सोडून तिचं घर होतं. शकूच्या आधी वीस वर्षं या गावात दिलेली, आता पंच्याहत्तरीची, विधवा; मला अजून लहानपणीच्या 'सुधा' या नावानेच हाक मारणारी. वाट बघून बघून लोक उठले, तेव्हा ही काठी टेकत आपल्या घरी गेली आणि मुलीने आखाजीसाठी पाठवलेली कोरी साडी घेऊन आली. मोतिया रंगाची होती. कोणीतरी म्हणालं, हिरवी पाहिजे. हिराअक्का म्हणाली, "मी तिच्या गावची हाय. माझं बी माहेर तेच. घाला." आणि घातली.

त्या घरात चूल पेटणार नव्हती. संध्याकाळी शेजाऱ्यांनी बाजरीच्या भाकरी आणि पिठलं आणलं. नाशिकला आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी गेलं तर लोक लिफ्टमध्ये भेटल्यावर 'कळलं' म्हणतात. इथे अकरा घरच्या भाकऱ्या आल्या, आणि बायकांनी समोर बसून, हाताला धरून, मला खायला घातलं. एकीने विचारलंसुद्धा नाही की उशीर का झाला. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. भूक लागली होती, याचाही मला राग आला.

शुक्रवार : राख, आणि परत

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला गेलो. शकूचे यजमान दत्तात्रय, म्हणजे माझे मेहुणे, दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. आम्ही दोघं वाकून राखेवर पाणी शिंपडत होतो. ते मध्येच थांबले.

"दादा, ती सांगत होती, तुम्ही गाडीला कायतरी केलंय. तिच्यासाठी."

"हो."

"रविवारपासनं चार जणींना सांगितलं तिनं. दादानं माझ्यासाठी गाडी नीट केली म्हणून." ते पुन्हा वाकले. "चढते का आता बारी?"

"चढते," मी म्हटलं. त्यांनी टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

निघण्याआधी मी आणि मंगल हिराअक्काकडे गेलो. हिरवी साडी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, तू शकूला तुझी दिलीस, आता ही तू ठेव. अक्काने साडीवरून हात फिरवला, काठ बोटांत धरून पाहिला. मग घडी नीट करून ती परत माझ्या मांडीवर ठेवली.

"मला नेसायला लय हायेत," ती म्हणाली. "भाऊ गेले, भाचे कुठं शहरात, कोण वळखत बी नाय. माझ्या माहेरचं आता कोण राह्यलं? तूच ना." तिने माझ्या पट्टी बांधलेल्या हातावर हात ठेवला. "हे ठिव तुझ्यापाशी. मी गेले म्हंजी घेऊन ये. आन सुधा, येळेवर ये."

मंगल तिच्या पाया पडली. मी साडी परत पिशवीत घातली.

येताना बारी उतरलो. वळणावर नरसाळं मी फेकलं होतं तिथेच कडेला पडलं होतं, आणि त्याच्या तोंडात वाऱ्याने आणखी पापुद्रे भरले होते. घरी आल्यावर त्याच दिवशी माळ्यावरून कंपनीचा डबा काढला, पुसला आणि जागेवर बसवला. पाईप, बेंड, लाल फिल्टर भंगारात गेले.

साडी कपाटात आहे, वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत. विधवेला हिरवी चालेल का, असं मंगलने एकदा विचारलं. मी म्हटलं, अक्काने स्वतः काठ बघून आपल्याकडे ठेवायला दिलीय, तिला जे हवं तेच न्यायचं. आता दर रविवारी मी खाली जातो, बॉनेट उघडतो, डब्याच्या क्लिपा हाताने दाबून बघतो आणि दहा मिनिटं गाडी चालू ठेवतो. कुठे जायचं नसलं तरी.